अफूच्या पेट्या आणि जे. जे. रुग्णालय

नाशिकच्या सिव्हिलमध्ये किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात गुंतागुंतीची केस आली, की नातेवाइकांच्या कानावर एक शब्द हमखास पडतो. जे.जे. मग पहाटे कुणाची तरी गाडी ठरते किंवा पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटे काढली जातात आणि कसाऱ्याचा घाट उतरून माणसे भायखळ्याला पोचतात. केसपेपर काढताना त्या दोन अक्षरांमागचा माणूस कोण, हा प्रश्न मनात येण्याची ती वेळ नसते. तो माणूस म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय. आज ज्या घाटाने रुग्ण खाली उतरतात, त्याच वाटेने दोनशे वर्षांपूर्वी माळव्यातली अफू मुंबईला उतरत असे, आणि जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग त्या अफूतून आला होता.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. घर पारशी, परिस्थिती गरिबीची, वडील कापड विणण्याच्या धंद्यातले. बालपण गुजरातेत नवसारीला गेले. सोळाव्या वर्षाच्या आसपास आईवडील दोघेही वारले आणि पोरका मुलगा मुंबईत मामाकडे, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे आला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. शिक्षण जेमतेम, इंग्रजी कामापुरते. एका नातलगाबरोबर हिशेबनीस म्हणून तो चीनच्या पहिल्या सफरीवर गेला, तेव्हा गाठीला १२० रुपये होते असे सांगितले जाते. १८०३ मध्ये मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी लग्न झाले. तोवर त्याला कँटनच्या बंदराची, तिथल्या दलालांची आणि भावांच्या चढउताराची चांगली ओळख झाली होती.

मुंबईहून चीनला तेव्हा मुख्यतः कापूस जाई आणि चीनहून चहा व रेशीम येई. चहाचे वेड इंग्लंडला लागले होते, पण चीनला इंग्लंडकडून घेण्यासारखे फारसे काही नव्हते. चहाचे पैसे चांदीत मोजावे लागत. ही चांदी वाचवायची कशी, हा ईस्ट इंडिया कंपनीचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर तिला अफूत सापडले. बिहार आणि बनारस भागात कंपनीने अफूचा मक्ताच स्वतःकडे घेतला. शेतकऱ्याने खसखस पेरायची, चीक कंपनीला ठरल्या दराने घालायचा, कंपनीने कलकत्त्यात त्याचा लिलाव करायचा आणि खासगी व्यापाऱ्यांनी तो चीनच्या किनाऱ्यावर नेऊन चोरून विकायचा, अशी ही व्यवस्था होती. चीनच्या बादशहाने अफूच्या आयातीवर बंदी घातलेली होती. म्हणून कंपनीची स्वतःची जहाजे अफूला हात लावत नसत. कागदोपत्री कंपनी स्वच्छच राहिली.

१८०५ साली जमशेटजी ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावर चीनला निघाले होते. युरोपात नेपोलियनची युद्धे चालू होती. सिलोनजवळ फ्रेंच आरमाराने जहाज पकडले, माल गेला आणि प्रवाशांना आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेऊन सोडण्यात आले. हातात काही नाही आणि परका देश, अशा अवस्थेतून ते कलकत्त्यामार्गे कसेबसे घरी परतले. पण या फसलेल्या सफरीत त्यांना एक माणूस भेटला. जहाजावरचा डॉक्टर, विल्यम जार्डिन. एडिंबरोला वैद्यक शिकलेल्या या स्कॉटिश तरुणाने पुढे डॉक्टरकी सोडली आणि कँटनला व्यापार मांडला. १८३२ मध्ये स्थापन झालेली ‘जार्डिन, मॅथेसन अँड कंपनी’ ही चीनच्या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी अफू विकणारी पेढी झाली. मुंबईच्या बाजूचा तिचा मुख्य आधार होते जमशेटजी.

योगायोग असा की साधारण त्याच वर्षांत, १८०४-०५ च्या सुमारास, जर्मनीत फ्रीडरिश सेर्ट्युर्नर नावाचा औषधनिर्माता अफूच्या चिकातून एक पांढरा स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढत होता. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने त्याला जे नाव दिले, त्यावरून मॉर्फिन हा शब्द आला. अफूने वेदना थांबतात, झोप येते, जुलाब आटोक्यात येतात, खोकला दबतो, हे माणसाला हजारो वर्षे माहीत होते. त्यामागे नेमके कोणते रसायन आहे, ते तेव्हा पहिल्यांदा हाती लागले. मेंदूत आणि मज्जारज्जूत या रसायनाला धरून ठेवणाऱ्या जागा आहेत, हे कळायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले. शरीर स्वतःच्या वेदना शमवण्यासाठी जी द्रव्ये बनवते, त्यांच्यासाठी या जागा असतात. अफू त्यांवर जाऊन बसते. रोज बसू लागली की शरीर तिला सरावते, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि ती अचानक बंद केली तर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब, हातपाय मोडून येणे आणि झोपेचा पत्ता नाही अशी दैना होते. मात्रा फार झाली तर मेंदू श्वास घेण्याची आज्ञा देणेच मंद करतो आणि माणूस झोपेतच जातो. अफूबाज मनाने कमकुवत असतो हा समज जमशेटजींच्या काळातही होता, आजही आहे. वैद्यकशास्त्राने मात्र तो मागे टाकला आहे.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात जमशेटजींनी कापसात भरपूर कमावले. पुढे स्वतःची जहाजे घेतली. पहिल्याचे नाव होते ‘गुड सक्सेस’. मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान व्यापारी त्यांचे भागीदार. मोतीचंदांचे माळव्यातल्या सावकारांशी संबंध होते, रोगे यांचे नाखुदांशी आणि जहाजांशी. चीनची बाजू जमशेटजींना ठाऊक होती. पारशी, जैन आणि मुसलमान अशी ही तिघांची जोडणी म्हणजे त्या काळच्या मुंबईचा नमुनाच. अफूच्या व्यापाराला लागणारी प्रत्येक कडी तिच्यात होती.

माळव्याची अफू मात्र कंपनीच्या डोळ्यांत खुपत होती. माळवा शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांचा. तिथल्या शेतात कंपनीचा मक्ता चालत नव्हता. माळव्याचा शेतकरी थंडी सरता सरता खसखशीच्या बोंडांना संध्याकाळी चिरा देई, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून काढी आणि सुकू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवी. ही अफू बंगालच्या मालापेक्षा स्वस्त पडे आणि चीनमध्ये तिला मागणी होती. म्हणून १८०३ ते १८०५ च्या दरम्यान कंपनीने मुंबई बंदरातून माळव्याची अफू बाहेर पाठवायला बंदी घातली. नंतर संस्थानिकांशी करार करून पाहिले, स्वतःच माळव्यात जाऊन माल विकत घेऊन पाहिला. त्याने काही साधले नाही. व्यापाऱ्यांनी वाट बदलली. अफू राजपुतान्यातून, थरच्या वाळवंटातून उंटांवर लादून कराचीला जाऊ लागली आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला. दमणच्या बंदरात कंपनीचा हुकूम चालत नसे. बंदीमुळे अफू थांबली नाहीच. तिच्यावरचा कर तेवढा बुडला.

शेवटी १८३१ मध्ये कंपनीने हात टेकले आणि मुंबईचे दार उघडले. व्यापाऱ्याने एका पेटीमागे १७५ रुपये भरायचे, परवाना घ्यायचा आणि माल राजरोस मुंबईला आणायचा. तरीही दमणची वाट स्वस्त पडते असे दिसल्यावर १८३५ मध्ये परवाना १२५ रुपयांवर आणला. मग १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराची हाती आली आणि चोरवाट बंद झाली. त्याच वर्षी परवाना २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. आकड्यांचा हा चढ पाहिला की अफूचे धोरण कशावर ठरत होते, ते वेगळे सांगावे लागत नाही. पुढे बराच काळ हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाचा साधारण सातवा हिस्सा अफूतून येत राहिला.

परवाने सुरू झाल्यावर इंदूरहून मुंबईचा सरळ रस्ता अफूसाठी खुला झाला. काही माल गुजरातकडून जाई. पण सेंधव्याचा घाट उतरून धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी आणि थळ घाट ही आग्रा रस्त्याची वाट आपल्या भागातली. बैलांच्या पाठीवर आणि पुढे गाड्यांतून, परवान्याची कागदपत्रे बरोबर घेऊन हा माल जाई. चोरटा माल नव्हताच तो. वाटेतल्या गावकऱ्याला तो गूळ-कापसासारखाच व्यापाराचा माल वाटला असेल तर त्यात नवल नाही. एका पेटीत सुमारे ६० किलो अफू. १८३० च्या दशकाच्या अखेरीस माळव्याच्या अफूने बंगालच्या अफूला गाठले होते, आणि त्या व्यापारातली मुंबईची सर्वांत बडी पेढी जमशेटजींची होती.

चीनमध्ये या पेट्यांचे काय होत होते? आपल्याकडे अफू गिळत किंवा पाण्यात कालवून कसुंबा म्हणून पीत. चीनमध्ये ती चिलमीतून ओढत. धुरातून मॉर्फिन फुप्फुसांवाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. गोळीला अर्धा-पाऊण तास लागतो. परिणाम जितका झटपट, तितकी सवय घट्ट. शिपाई, कारकून, हमाल, जमीनदार असे सगळ्या थरांतले लोक तिच्या नादी लागले आणि चांदीचा ओघ उलटा, चीनमधून बाहेर वाहू लागला. १८३६ मध्ये पेकिंगच्या दरबारात यावर मोठा वाद झाला. शू नायजी नावाच्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे, की बंदी फोल ठरली आहे, लाचखोरी तेवढी वाढली आहे, तेव्हा अफू कायदेशीर करून तिच्यावर कर बसवावा. दोन वर्षांनी हुआंग ज्वेत्सी याने उलट सल्ला दिला. ओढणाऱ्याला सवय सोडायला मुदत द्यावी आणि तरी सुटली नाही तर फाशी. अमली पदार्थांवर आज जगभर जो वाद चालतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक बाजू त्या दरबारात मांडली गेली होती. बादशहाने कडक बंदीचा पक्ष घेतला आणि लिन झेशू या करारी अधिकाऱ्याला कँटनला धाडले.

लिन यांनी परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींत कोंडून ठेवले आणि २० हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या. १८३९ च्या जूनमध्ये हुमेन इथे खड्डे खणून, त्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून ती अफू विरघळवली आणि समुद्रात सोडून दिली. या कामाला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. त्या पेट्यांमध्ये मुंबईचा पैसा मोठ्या प्रमाणात अडकला होता. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट याने नुकसानभरपाईचा शब्द दिला होता, पण पैसे यायला वर्षे लागली आणि जे आले ते मागितल्यापेक्षा फारच कमी. मुंबईतल्या काही पेढ्या त्यात बुडाल्या. जमशेटजी तगले. जार्डिन लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना युद्धाचा सल्ला देत होते. युद्ध झाले, चीन हरला, १८४२ च्या ऑगस्टमध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. त्याच १८४२ साली जमशेटजींना नाइट ही पदवी मिळाली. असा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

मानाचे कारण अर्थातच अफू नव्हते. कारण होते दान. हे दान दाखवण्यापुरते नव्हते. गुरांच्या चराईवर सरकारने कर बसवला, तेव्हा ठाकुरद्वारजवळ जमीन घेऊन त्यांनी ती गुरांसाठी मोकळी केली. पांजरपोळाच्या स्थापनेत ते होते. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा बांधायला त्यांनी मोठी रक्कम दिली. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे मरत. सरकार पूल बांधेना, तेव्हा आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि रस्त्यावर टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. आयुष्यभरात जमशेटजींनी सुमारे २ लाख ३० हजार पौंड दान केले असा अंदाज आहे. जातीधर्माची अट न घालता दिलेला एवढा पैसा त्या काळात मुंबईने दुसऱ्या कोणाकडून पाहिला नव्हता.

या सगळ्या दानांत इस्पितळ मोठे ठरले. गोऱ्या लोकांसाठी आणि शिपायांसाठी मुंबईत दवाखान्यांची सोय होती. हमाल, विणकर, खलाशी आजारी पडला तर त्याने जायचे कुठे? जमशेटजींनी १ लाख रुपये देऊ केले आणि सरकारने तेवढीच भर घालावी अशी अट घातली. पुढे त्यांनी आणखी रक्कम दिली. ३ जानेवारी १८४३ रोजी पायाभरणी झाली, १८४५ मध्ये रुग्ण घेणे सुरू झाले. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. तिथल्या डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह असा, की विद्यार्थ्याने वैद्यक नुसते पुस्तकातून नव्हे तर रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकावे. त्यासाठी लागणारे वॉर्ड जमशेटजींच्या इस्पितळाने दिले. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात गोव्यातून मुंबईला आलेले भाऊ दाजी लाड होते, ज्यांनी पुढे मुंबईच्या गोरगरिबांना फुकट तपासले आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यात बरीच वर्षे घातली. याच आवारात १८९६ च्या प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

इस्पितळाच्या औषधांच्या कपाटातही अफू होतीच. १८४५ च्या डॉक्टरकडे खात्रीची औषधे मोजकी. हिवतापाला क्विनीन, आणि वेदना, खोकला, अतिसार, पटकी अशा कितीतरी गोष्टींना अफू. दारूत विरघळवलेली अफू म्हणजे लॉडेनम, इपिकाकबरोबर मिसळली की डोव्हरची पावडर. क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये वापरात आले. त्याआधी पाय कापण्याची वेळ आली तर रुग्णाला अफू किंवा दारू, एवढाच आधार. एकाच बोंडाचा चीक एका वाटेने चीनच्या चिलमीत गेला आणि दुसऱ्या वाटेने भायखळ्याच्या वॉर्डात. दोन्ही ठिकाणी रसायन तेच. मात्रा कोण ठरवतो, कशासाठी ठरवतो आणि त्यातून कोण कमावतो, एवढ्यावरून एकीकडे त्याचे औषध झाले आणि दुसरीकडे विष.

जमशेटजींना हे दिसत नव्हते का? ते धर्मभीरू होते, व्यवहारात सचोटीचे होते, त्यांचा शब्द चीनपासून लंडनपर्यंत चाले. ज्या राज्यात ते राहत होते, त्याचे सरकार स्वतः अफूचे सर्वांत मोठे उत्पादक होते. त्यांच्या प्रत्येक पेटीवर सरकारी परवाना होता. अफूने उद्ध्वस्त झालेली घरे हजारो मैलांवर, दुसऱ्या भाषेच्या मुलखात होती आणि भायखळ्यातला तापाने फणफणलेला हमाल डोळ्यांसमोर. असे असले तरी कँटनला अनेकदा जाऊन आलेल्या माणसाला तिथे अफूवर बंदी आहे हे माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही. त्यांना खलनायक करणे जितके सोपे, तितकेच त्यांच्या दानाकडे बोट दाखवून बाकीचे झाकणेही सोपे. दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. त्यांच्याच समाजातले, त्यांच्याहून चाळीसएक वर्षांनी लहान असलेले दादाभाई नौरोजी लंडनच्या कामा पेढीत भागीदार होते. ती पेढी अफू आणि दारूचा व्यवहार करते म्हणून ते बाहेर पडले. पण दादाभाईंनी इस्पितळ बांधले नाही, हेही खरे. त्यांच्याकडे तेवढा पैसा कधी साठलाच नाही.

१८५७ मध्ये जमशेटजींना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पेढीच्या पत्रव्यवहाराच्या जाडजूड वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. अफूचा व्यापार पुढे इतरांच्या हाती गेला. त्यातले सर्वांत मोठे नाव डेव्हिड ससून. पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्या दानातून उभे राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच ससूनमध्ये उपचारासाठी दाखल असलेला अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक आरोपी तिथून पळाला आणि मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा बातम्या वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या रुग्णालयाचा जुना इतिहास आठवला असेल. मेफेड्रोनचा खसखशीशी संबंध नाही. ते प्रयोगशाळेत बनते, त्याला शेत लागत नाही आणि पावसाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच त्याचा माग काढणे अवघड.

जमशेटजींच्या मृत्यूनंतर अफूविरुद्ध आवाज वाढत गेला. पुण्याच्या सुंदराबाई पवार यांनी थेट इंग्लंडला जाऊन सभांमधून या व्यापाराविरुद्ध भाषणे केली. १८९३ मध्ये सरकारने अफूवर शाही आयोग नेमला. त्याने १८९५ मध्ये अहवाल दिला की हिंदी माणसाला अफूने फारशी इजा होत नाही, चालू आहे ते चालू द्यावे. त्याच मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला दिवसभर झोपवून ठेवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. मूल रडत नसे, पण दूधही नीट पीत नसे. गोळीची मात्रा चुकली तर संध्याकाळी आई घरी येईपर्यंत त्याचा श्वास थांबलेला असे. सरकारमान्य दुकानात ती अफू मिळत होती. चीनला जाणारी अफू १९१३ मध्ये थांबली. देशातली अफू बंद व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. १९४९ मध्ये ठरले की दहा वर्षांत औषधाशिवायची अफू संपवायची, दरवर्षी थोडी थोडी कमी करत. ती मुदत ३१ मार्च १९५९ ला संपली. जमशेटजींना जाऊन तेव्हा शंभर वर्षे होत आली होती. ज्यांची सवय सुटणे शक्य नव्हते, अशा वृद्धांना नोंदणी करून ठरावीक मात्रा देण्याची सोय ठेवली गेली. व्यसनी माणसाला एका दिवसात तोडून टाकता येत नाही, एवढे शहाणपण त्या योजनेत होते.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एनडीपीएस कायद्याचा सूर वेगळा होता. मोठी शिक्षा, कठीण जामीन, आणि मॉर्फिनसाठी इतके परवाने, की इस्पितळांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. गर्द विकणारे थांबले नाहीत. जिवाच्या आकांताने ओरडणारे कॅन्सरचे रुग्ण मात्र गोळीविना राहिले. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. त्याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रा बाळगण्याच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. पोलिस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बापाला हे कलम सांगणारे कोणी भेटले, तर मुलगा तुरुंगाऐवजी दवाखान्यात जातो. तिथे आज ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. ती त्याच मज्जापेशींच्या जागांवर बसतात, पण हळूहळू आणि घट्ट, त्यामुळे तल्लफ शमते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

माळव्यात खसखस अजून पिकते. नीमच, मंदसौर, रतलामच्या शेतकऱ्याला केंद्र सरकारच्या नार्कोटिक्स खात्याचा परवाना लागतो. कापणीच्या दिवसांत चीक रोज तोलून नोंदवला जातो आणि सरकारलाच द्यावा लागतो. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यातून मॉर्फिन आणि कोडीन वेगळे काढतात. बोंडाला चिरा अजूनही संध्याकाळीच देतात आणि चीक सकाळी ऊन चढण्याआधी खरवडतात.